घड्याळजीचा एक बरासा फोटो

‘फोटो मी काढतो,’ असं मी बायकोला म्हणालो, ही माझी पहिली चूक. (बाकीच्या पुढे येतीलच.)

फोटो हवा होता घड्याळजीचा. हा माझा शाळेपासूनचा मित्र. वय बावन्न, लग्न नाही. तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून टेबलावर वाकलेला, त्यामुळे त्याच्या कुठल्याही फोटोत फक्त टक्कल दिसतं. बायकोच्या ग्रंथालयातल्या एक शांत स्वभावाच्या बाई त्याला अगदी योग्य आहेत, असं बायकोच्या मनाने घेतलं. बाई म्हणाल्या, आधी फोटो तरी बघू. पण घड्याळजीच्या कानावर हे गेलं असतं, तर तो दुकानाचं शटर आतून ओढून बसला असता. म्हणून शनिवार-रविवार आमच्या तिसऱ्या मित्राच्या, म्हणजे वकिलाच्या गाडीतून आम्ही तिघांनी तळ्यावर जायचं आणि मी त्याच्या नकळत फोटो काढायचे, असं ठरलं.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. आठवड्यापूर्वी घड्याळजीला चक्कर आली होती. तपासण्या झाल्या. लॅब माझ्या ऑफिससमोरच, म्हणून शुक्रवारी रिपोर्ट मीच आणला. सगळं व्यवस्थित होतं. फक्त ते त्याला सांगायचं मी फोटोच्या नादात साफ विसरलो.

गाडीत मी त्याला पुढची सीट दिली, कारण उजेड तिथे चांगला. (आयुष्यात मी कुणाला पुढची सीट दिलेली नाही.) गुपित पोटात मावत नसल्यामुळे वकील मधूनच त्याच्याकडे बघून उसासे सोडत होता. वाटेत घड्याळजीने रिपोर्टचं विचारलं. तेव्हा मी मागून झाडांचे फोटो काढतोय असं दाखवत होतो आणि मला त्याचा चेहरा खिडकीकडे वळायला हवा होता. म्हणालो, त्याचं आता काय घेऊन बसलास, बाहेर बघ किती छान आहे.

तो बाहेर बघू लागला. पुढचे दोन तास बोलला नाही. मला वाटलं, निसर्गात रमला.

तळ्याकाठी वकील सतरंजी अंथरून तत्काळ घोरायला लागला. घड्याळजी एकटाच पाण्याकडे बघत बसला होता. मी झुडपाआडून सत्तावीस फोटो काढले. मग त्याने मला हाक मारून शेजारी बसवलं.

“माझं काय ते तुम्हा दोघांना माहीत आहे ना?” तो म्हणाला.

मला हायसं वाटलं. “तुला कसं कळलं?”

“तुमच्या तोंडांवरून. किती दिवस आहेत?”

“तशी घाई काही नाही. पण बायकोचं म्हणणं, महिनाअखेर उरकून टाकावं. या वयात लांबण कशाला लावायची?”

“त्रास फार होतो का?”

“सुरुवातीला. मग सवय होते. माझ्याकडे बघ, बावीस वर्षं झाली.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला नीट समजली नाही.

“फोटो त्यासाठीच काढत होतास?”

“एक बरासा लागतोच रे. लोक आधी फोटोच बघतात.”

“आणि दुकान?”

“चालू ठेव की. बाईंची काही हरकत नाही.”

“कुठल्या बाईंची?”

मग सगळं सांगितलं. रिपोर्टचंही. सगळं ठीक आहे, हे मी त्याला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्याने माझी कॉलर धरली, आणि मला वाटलं, आता हा मला तळ्यात ढकलणार. पण तो माझ्या खांद्यावर डोकं टेकवून हसायला लागला, आणि हसता हसता माझा शर्ट ओला झाला.

बऱ्याच वेळाने म्हणाला, “मरायचं फारसं काही वाटलं नाही. एवढंच वाटलं, की रोज संध्याकाळी दुकान बंद करून घरी जातो, आणि ‘आलो गं’ म्हणायला कुणी नाही.”

मी त्याच्या पाठीवर थापटत राहिलो. (वकील घोरतच होता. काही माणसांना प्रसंगाचं भान नसतं.)

त्यानंतर घड्याळजीने केस, म्हणजे कानांवरचे, विंचरले आणि ताठ बसून चाळीस फोटो काढून घेतले. सगळे लायसन्सवर लावण्यासारखे आले. बाईंनी ते बाजूला सारले आणि झुडपाआडून काढलेला एक निवडला, पाण्याकडे बघतानाचा. म्हणाल्या, हा माणूस कुणाची तरी काळजी करताना दिसतो. घड्याळजीला नंतर विचारलं, तर म्हणाला, दुरुस्तीला आलेली अकरा घड्याळं कोण कुणाला परत करील, याचाच घोर लागला होता. बाईंना हे कळलं तेव्हा त्या ‘हो’ म्हणाल्या.

पुढच्या सहलीला त्याही आल्या. जोडप्याचे फोटो काढायला मी मोबाइल सरसावला, तर बायकोने तो अलगद काढून वकिलाकडे दिला. पाण्यात उतरलेल्या सगळ्यांच्या चपला सांभाळायचं सोपं काम तेवढं माझ्याकडे आलं.

परत आलो तेव्हा पाच माणसांत नऊ चपला होत्या. हरवलेली माझीच होती.