घरजावयाची नळी आणि माझं पोट

आमच्या तोकुजीची एक खोड मला जन्मात पटली नाही. हा माणूस तोंड उघडत नाही! घराला आग लागली तरी दारात उभा राहून आधी कमरेतून वाकेल, मग "आई, जरा त्रास देतो," म्हणेल, आणि तोवर छप्पर माझ्या डोक्यावर आलेलं असेल. जेवण कसं झालंय? "हं." बाहेर बर्फ पडतोय का? "हं." घरजावई म्हणून आला, आमचं कोगुची आडनाव लावलं, माझ्या मिसाओचा नवरा झाला, आणि एवढा सगळा कारभार त्याने दोन-तीन "हं" मध्ये उरकला.

तोंड बंद असलं तरी हात मात्र स्वस्थ नाहीत. तळ्याकाठच्या रेशमाच्या गिरणीत मी दुसरीतून शाळा सोडून उकळत्या पाण्यातले कोष उलगडायला लागले होते. तिथे आता भिंगं घासतात. रेशीम बुडालं, भिंगं तरंगली. त्या कारखान्यात आमचे जावईबापू कारागीर. आणि त्यांनी काय काढलं असेल? माणसाच्या पोटात सोडायचा कॅमेरा! टोकियोवाल्यांनी तसला एक आधीच काढला होता म्हणे, पण त्यांच्या नळीला मान वळत नव्हती. ह्याची नळी बगळ्यासारखी मान वळवून पोटाचा कोपरान् कोपरा बघणार! टोकाला बोटाच्या पेराएवढा कॅमेरा, त्यात चिमुकली रंगीत फिल्म, शेजारी तांदळाएवढा दिवा.

"आणि हे गिळायचं कोणी?" मी विचारलं.

"हं," तोकुजी म्हणाला आणि जमिनीकडे बघायला लागला.

तिथेच तर सगळं अडलं होतं. जिल्ह्याच्या इस्पितळातले मोठे डॉक्टर कुनिएदा म्हणाले होते, माणसाच्या पोटातले चांगले फोटो काढून दाखवा, मग इस्पितळ तुमची नळी घेईल. नाहीतर कारखान्याचा मालक ती नळी माळ्यावर टाकणार आणि तोकुजीला पुन्हा चष्म्याच्या काचा घासायला बसवणार. गिळायला माणूसच मिळेना. तोकुजीने स्वतः प्रयत्न केला तर नळी दातांपर्यंत आली आणि सकाळचं मिसोचं सार बाहेर!

"पुरुष!" मी म्हटलं. "आण इकडे. मी गिळते! उकळता तोफू अख्खा गिळणारी बाई आहे मी. तुझी नळी म्हणजे काय, शेवयाची एक काडी!"

मिसाओ म्हणाली, "आई, हट्ट करू नकोस गं."

"हट्ट नाही, उपकार करतेय. तुझ्या नवऱ्यावर."

आता माझ्या पिंपाविषयी सांगते, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही. स्वयंपाकघराच्या फळीखाली माझं कोंड्याचं पिंप आहे. तांदळाचा कोंडा, मीठ, पाणी, आणि त्यात मुरायला घातलेली वांगी-काकड्या. सासूने मला दिलं, तिला तिच्या सासूने. रोज सकाळी उघड्या हाताने तळापासून ढवळायचं आणि वरून तळहाताने गुळगुळीत थापायचं. हे काम घरच्या बाईचं. आमच्याकडचे पुरुष ताटातलं लोणचं मुकाट खातात, पिंपात काय असतं हे त्यांना त्यांच्या तेराव्यापर्यंत ठाऊक नसतं.

तर इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी मी गरम पाण्याच्या हमामावरून न्हाऊन घरी आले. पिंपाचं झाकण काढलं. बघते तर काय! मी थापलेल्या गुळगुळीत कोंड्यात मधोमध एक भोक! बोटाएवढं, सरळ खाली गेलेलं, जसं काही एखादा साप पाहुणा येऊन गेला!

"कोण मेला माझ्या पिंपात शिरला?" मी ओरडले. आमच्या समोरच्या घरातलं मांजर म्हणे तेव्हा कौलावरून खाली पडलं. खोटं असेल, पण पडलं असलं तरी मला आश्चर्य नाही.

मिसाओ शपथा घ्यायला लागली. तोकुजी कोपऱ्यात बसून त्याची पेटी बंद करत होता.

"तू घातलंस काही माझ्या पिंपात?"

"हं... नाही."

त्याच्या तोंडून दोन शब्द एकदम आले, तिथेच मला संशय यायला हवा होता! पण पेटी उचलून तो असा पळाला की चपला उलट्या पायांत घालून गेला. मी उंदरावर संशय घेतला आणि झाकणावर दगड ठेवला.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात मी नळी गिळली. डोळ्यांतून टिपूस नाही! (होतं थोडं पाणी, पण ते दिव्याच्या उजेडाने.) खोलीत काळोख केला होता. पोटातला दिवा लागला की माझं पोट आतून लालसर उजळायचं, श्राद्धाच्या दिवसांतल्या कागदी कंदिलासारखं. डॉक्टर कुनिएदा माझ्या पोटाकडे बघून म्हणत होते, "जरा डावीकडे. आता मान वर." तोकुजी बाहेरून तार ओढत होता. फोटो आत निघतात, ते कसे आलेत हे फिल्म धुतल्यावरच कळतं. म्हणजे आंधळ्याने आंधळ्याची हजामत करावी तसा प्रकार! पण डॉक्टर खूश. "आजीबाई, धीट आहात हो!"

"आजीबाई असेल तुमच्या घरी," असं मला म्हणायचं होतं. घशात नळी होती म्हणून ते वाचले.

चार-पाच दिवसांनी तोकुजी आणि मिसाओ फोटो बघायला इस्पितळात गेले. परत आले तर मिसाओचे डोळे सुजून अक्रोडाएवढे! आणि तोकुजी, जो कधी बोलत नाही, तो बोलला!

"आई, खांदे दाबून देऊ का?"

मी हातातला चमचा खाली ठेवला. "का? काय फोडलंस?"

"काही नाही. सहज."

पुरुष सहज खांदे दाबत नाहीत. मला वाटलं, पिंपातलं भोक ह्याचंच असणार आणि पाप आतून खात असणार. म्हटलं, दाबू दे. चांगला तासभर दाबले. दाबता दाबता हळूच विचारतो काय, "आई, तुम्ही लहानपणी कधी... लोखंडाचं काही गिळलं होतं का?"

"तुझ्या लग्नाचा खर्च गिळला, तेवढं पुरे नाही का?"

तो हसला नाही. मान खाली घालून दाबत राहिला.

मग मिसाओने मऊ भात करायला सुरुवात केली. माझ्या ताटातला माशाचा काटा ती स्वतः काढायला लागली. मी तिला घालून पाडून बोलले तरी उलट उत्तर नाही! कसली ही मुलगी, मला करमेना. आणि मग आलं खरबूज!

जाळीच्या सालीचं, लाकडी पेटीत, भुशाच्या गादीवर राजकुमारासारखं झोपलेलं. शेजारची किनू ते दोन्ही हातांत धरून आली. आमच्याकडे असं खरबूज कोणी स्वतःसाठी विकत घेत नाही. ते आजाऱ्याच्या उशाशी जातं. आणि नुसत्या सर्दीने आलेलं नसतं बरं का! सर्दीला सफरचंदं येतात.

"किनू, हे कोणासाठी?"

"तुमच्यासाठीच हो, तोमेबाई! सहज!" सगळ्या गावाला सहजची साथ आली होती. मग किनू जवळ सरकली. "एक मागू का? तुमच्या पिंपातला मूठभर कोंडा द्याल, माझ्या पिंपाला विरजण म्हणून? तुमच्यासारखी चव मिसाओला नंतर... म्हणजे... आत्ताच दिलात तर बरं."

नंतर! मला सगळं लख्ख कळलं. आमच्याकडे रोग्याला त्याचा रोग सांगत नाहीत. डॉक्टर घरच्यांना सांगतो, घरचे रोग्याशी खोटं बोलतात, आणि रोगी ते खरं मानल्याचं सोंग करतो. माझा नवरा गेला तेव्हा मीच त्याला "साधं अपचन आहे हो" म्हणून शेवटपर्यंत सांगत होते. तोही "अस्सं होय!" म्हणायचा. त्या संध्याकाळी मिसाओ माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, "आई, डॉक्टर म्हणाले, तुझ्या पोटात साधासा खडा आहे. परवा इस्पितळात राहायचं आणि एक छोटं ऑपरेशन. साधं अपचन आहे गं!"

माझेच शब्द, माझ्याच तोंडावर! खोटं तरी नवं बोलावं की नाही? पण मी पण कोगुचींची सून. म्हटलं, "अस्सं होय!"

घाबरले नाही मी. फक्त त्या रात्री खरबूज एकटीने अर्धं संपवलं, कारण उगाच दुसऱ्याला कशाला ठेवायचं!

खरं काय झालं होतं ते मला मागाहून कळलं. फोटोंत म्हणे माझ्या पोटात मुठीएवढी जांभळी, चकाकणारी गाठ दिसत होती. गाठीशेजारी लालभडक लांबट व्रण. मागे काळपट, कुजल्यासारखा पट्टा. आणि ह्या सगळ्याच्या मधोमध, देवाच्या कृपेने, एक गंजका लोखंडी खिळा! कुनिएदा आनंदाने वेडे झाले. असं पोट त्यांनी पुस्तकातसुद्धा पाहिलं नव्हतं! मग त्यांनी क्ष-किरणांचा माझा जुना फोटो काढून बघितला. त्यात खिळा नाही. साधा माणूस इथे थांबला असता. पण कुनिएदा म्हणाले, "खिळा यकृतामागे लपतो!" जणू खिळा नव्हे, मला चुकवणारा भाडेकरू! दोन तृतीयांश जठर कापायचं ठरलं, आणि ते बघायला कॉलेजची पोरं बोलावली.

इस्पितळात जायच्या सकाळी मी मिसाओला फळीपाशी बोलावलं. तोकुजी माझं गाठोडं घेऊन दारात उभा होता.

"हात धू. साबण नको. बस इथे. आता हे पिंप तुझं."

"आई, असं का बोलतेस? साधं अपचन..."

"गप्प. रडलीस तर कोंड्यात खारटपणा वाढेल. ऐक. रोज तळापासून ढवळ. मिरच्या दोन ठेव, अळ्या होत नाहीत. समुद्री शेवाळाची पट्टी आहे ती चवीसाठी, काढू नकोस. आणि हा बघ." मी कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून खिळा काढून तिच्या तळहातावर ठेवला. "हा सगळ्यात महत्त्वाचा. लोखंड असलं की वांग्याचा जांभळा रंग टिकतो. माझ्या सासूचा आहे. हा हरवलास तर मी जिथे असेन तिथून परत येईन."

मागे धप्प आवाज झाला. माझं गाठोडं जमिनीवर!

"पिंपात..." तोकुजी म्हणाला, "पिंपात खिळा असतो?"

"मग काय पियानो असतो?"

"डोकं वाकडं झालेला?"

"तुला कसं ठाऊक?"

त्याने खिशातून फोटो काढला. माझ्या नाकापुढे असा हलवला की गाठ, व्रण आणि खिळा तिघं एकदम नाचायला लागले. मी फोटो खिडकीशी धरला. अगं बाई! माझं वांगं! मानेवर माझ्या नखाची खूण असलेलं! मागे पाणी सुटलेल्या कोंड्याच्या भिंती, शेजारी मिरची, शेवाळाची पट्टी. किती देखणं दिसत होतं म्हणून सांगू! असं माझं पिंप मीसुद्धा कधी आतून पाहिलं नव्हतं.

तोकुजी कपाळ जमिनीला टेकून पालथा पडला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच सलग बोलला. "आई, चुकलो! पोटासारखी ओली, काळोखी जागा घरात दुसरी नव्हती! तुम्ही हमामात गेलात तेव्हा मी नळी पिंपात घालून बघितली! सगळी फिल्म तिथेच संपली! नवी घालणार होतो, तेवढ्यात तुम्ही ओरडलात! मी घाबरून पेटी बंद केली, फिल्म बदलायची विसरलो आणि सकाळी तशीच नेली! तुमच्या पोटात कॅमेऱ्यात फिल्म सरकतच नव्हती!"

मिसाओ खिळा हातात धरून हसायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदम. (माझा आवाज जरा मोठा आहे, हे मी नाकारत नाही. पण भोक कोणी पाडलं होतं?)

इस्पितळात आम्ही पिंपासकट गेलो. कुनिएदांनी फोटो बघितला, पिंपात बघितलं, पुन्हा फोटो बघितला. मागे कॉलेजची पोरं ओठ चावत उभी. मग डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "क्ष-किरणांत खिळा नव्हता तेव्हाच मला शंका आली होती."

"हो ना," मी म्हटलं, "यकृतामागे लपली होती शंका."

तरी ते सोडेनात. फिल्म घालून पुन्हा बघू म्हणे! मीही म्हटलं, बघूच! तोकुजीने माझ्यासमोर नवी फिल्म घातली, मी ती दोनदा तपासली, आणि पुन्हा नळी गिळली. फोटो आले ते लख्ख. माझं जठर बाळाच्या गालासारखं गुलाबी. नळीची मान कुठेही अडली नव्हती, कोपरान् कोपरा दिसत होता. फक्त एका जागी कुनिएदांनी बोट ठेवलं. "इथे मात्र फिकट हिरवट, संशयास्पद असं..."

"खरबूज!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

त्या दिवशी उपाशी यायचं होतं मला. पण किनूचं पाहून आणखी दोघींनी खरबुजं पाठवली होती, आणि ऑपरेशन रद्द झालं की ती परत द्यावी लागतील की काय अशी मला काळजी होती.

असो. इस्पितळाने नळी घेतली. तोकुजी दारात उभा राहून सौद्यासाठी आलेल्या कारखान्याच्या मालकाला वाकला, डॉक्टरांना वाकला, खुर्चीलाही वाकला. मग माझ्यापुढे येऊन उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाला, "हं."

तेव्हा त्या सगळ्या पोरांसमोर मी त्याला म्हटलं, "जावईबापू, लोकांच्या पोटातलं बघायला तुम्ही नळी काढलीत, छान केलंत. पण तुमच्या पोटातलं ओठावर यायला मला मरणाच्या दारात बसावं लागलं! म्हणून माझा निकाल ऐका. उद्या सकाळपासून माझं पिंप तू ढवळायचंस, तोकुजी. तळापासून. रोज. आणि नळीने नाही, हाताने!"