डॉक्टरांचा पांढरा कोट

रंगाच्या बाबतीत आपल्याला जगात कोणी फसवू शकत नाही, असं छकुल्याची आई छातीठोकपणे सांगायची. ती बोटाएवढे पुतळे रंगवायची, तेही भुवयांसकट. नोकरी सोडल्यानंतरची ही तिची पहिली ऑर्डर होती. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा पुतळा, त्यांना वाढदिवसाची भेट म्हणून. ऑर्डर त्यांच्याच रिसेप्शनिस्टची. तिने बजावलं होतं, "आधी फोटो पाठवा. आवडला तर आणखी दोन दवाखान्यांना तुमचं नाव सांगते. पण डॉक्टरांना सुगावा लागला, तर ऑर्डर रद्द."

पुतळा रंगवून झाला. रंग सांडले तरी चालतील असा तिचा तो पोपटी गाऊन अंगात होताच. पुठ्ठ्याच्या पांढऱ्या खोक्यात पुतळा ठेवून, दोन्ही बाजूंना दिवे लावून, अगदी जवळ वाकून तिने फोटो काढला. कोट हिरवट आला.

कॅमेऱ्यावर कशाला संशय घ्यायचा, तो काही घरातला माणूस नाही. तिने संशय घेतला सासूबाईंवर.

"आई, माझ्या पांढऱ्या रंगाच्या डबीला हात लावलात?"

"मी? तुझ्या टेबलाजवळून मी श्वास रोखून जाते, बाई."

इतकं पटकन उत्तर म्हणजे तयार करूनच ठेवलेलं असणार.

"अगं, पांढराच तर आहे कोट," नवरा म्हणाला.

"डोळ्यांना पांढरा दिसतोय. डोळ्यांचं काय, ते नवऱ्यासारखे. बघतात, पण त्यांना दिसत काही नाही."

हिरव्यावर उतारा लाल. तिने कोटावर किंचित गुलाबी हात फिरवला. फोटो अजून हिरवटच. आणखी एक हात. मग आणखी एक. शेवटी फोटोतला कोट दुधासारखा पांढरा आला आणि रिसेप्शनिस्टचं लगेच उत्तर आलं, "मस्त. उद्या नेते." टेबलावरचा कोट गुलाबी दिसत होता खरा, पण डोळ्यांवर विश्वास ठेवण्याइतकी ती आता भोळी राहिली नव्हती.

तेवढ्यात मांडीवरच्या छकुल्याने पुतळा उचलून चाटला.

तिने त्याच्या जिभेचा फोटो काढला. हिरवट जीभ. गालही हिरवट. म्हणजे डबीत कोणीतरी काहीतरी घातलं होतं, हे पक्कं. पुरावा म्हणून पुतळा पारदर्शक पिशवीत टाकून, छकुल्याला काखोटीला मारून ती धावत खाली गेली. जीभ तोंडात असते, तेव्हा डॉक्टर दातांचा असला तरी चालेल.

तिला पाहताच रिसेप्शनिस्ट डोळे वटारून 'जा, जा' अशा खुणा करू लागली. ही पण सामील, तिने मनात नोंद केली.

"याने काहीतरी चाटलंय," ती म्हणाली. डॉक्टरांनी जीभ पाहिली. "छान गुलाबी आहे की."

"फोटोत बघा ना."

त्यांनी फोटो पाहिला, बाळ पाहिलं, मग तिच्या गाऊनकडे पाहिलं. शांतपणे एक करडं कापड आणून तिच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पांघरलं. "आता काढा फोटो."

जीभ गुलाबी.

"दाताचा रंग जुळवताना आम्ही पेशंटचे भडक कपडे असेच झाकतो. त्यांची झाक दातावर पडते. तुमच्या बाळाला तुमचा गाऊन हिरवा करतोय."

तिचा जीव भांड्यात पडला. सासूबाई निर्दोष सुटल्या, याचं थोडं वाईटही वाटलं.

"पण याने चाटलं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

सुटकेच्या आनंदात तिने पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली. दारातल्या रिसेप्शनिस्टने डोळे मिटून घेतले. तेव्हा कुठे हिच्या लक्षात आलं.

"हे कोण?"

"आइस्क्रीमवाला," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पुतळा उजेडात धरला. "गुलाबी कोट. बरोबर. चष्मा माझ्यासारखा, मिशी माझ्यासारखी. असेल एखादा. पण आइस्क्रीमवाल्याच्या हातात दात उपटायची पक्कड कशाला?"

तिने रिसेप्शनिस्टकडे पाहिलं. रिसेप्शनिस्टने छताकडे.

"फार कडक असतं हो त्याचं आइस्क्रीम."

डॉक्टर बराच वेळ मिशीतल्या मिशीत काहीतरी दाबत राहिले. मग पिशवी तिच्या हातात देत म्हणाले, "त्याला सांगा, वाढदिवसाला पांढरा कोट घालून ये. आणि मी काही पाहिलेलं नाही."

ऑर्डर वाचली. छकुला ठणठणीत होता. जिना चढताना मात्र तिच्या डोक्यात एकच विचार घोळत होता. हा माणूस इतका चांगला का वागला? नक्कीच काहीतरी असणार.