म्हातारीचं माहेर

आमच्या वाडीतल्या धोंडूतात्यांशी नवी ओळख झाली की ते हटकून एकच प्रश्न विचारतात, "तुमच्या पणजीचं नाव काय हो?"

समोरचा गडबडतो. पणजोबांचं नाव कसंबसं आठवतं, पणजीचं काही आठवत नाही. मग तात्या मान हलवतात. "झालं! म्हणजे तुम्ही आभाळातनं पडलात."

आरोग्य केंद्रातल्या नव्या डॉक्टरने रक्तदाबाचा पट्टा पुढे केला, तर तात्यांनी हात मागे घेतला. आधी पणजी! मतं मागायला आलेल्या एका उमेदवाराला त्यांनी अंगणातच अडवलं. बिचाऱ्याने हात जोडलेले ठेवूनच कार्यकर्त्याला घरी आईला फोन लावायला सांगितलं. आईलाही आठवेना. "बघा," तात्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे वळून म्हणाले, "आणि हा आमची आठवण ठेवणार!"

मी त्यांची शेजारीण, पालीच्या शाळेत शिकवते. मला तर त्यांनी पहिल्याच दिवशी नापास केलं.

तात्या एसटीचे ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात. तात्यांनी आपली खापरपणजी धरली. बाई व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. पण तात्या तिच्याविषयी असे बोलतात, की जणू ती आत्ता परसात गेली आहे आणि कानावर पडलं तर रागावेल. "म्हातारीला हे चाललं नसतं," असं ते सरपंचालाही सुनावतात.

म्हातारीचा नवरा तरणाताठा असताना गलबतात बसून मुंबईला गोदीवर कामाला गेला, तो परत आलाच नाही. मागे सासू, दोन लहान मुलं, आणि जमीन म्हणावी तर घरामागचा उघडा कातळ. त्यावर पावसाळ्यात गवत उगवायचं, बाकी काही नाही. म्हातारीने खालच्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठची माती टोपलीत भरली आणि डोक्यावरून त्या कातळावर नेली. वर्षानुवर्षं नेली. दगडाचा बांध घातला, पावसाचं पाणी अडवलं आणि जिथे विळा टेकला तर खणखण वाजायचं, तिथे भाताचं खाचर केलं. त्यावर घर जगलं. आजही तात्या त्यात भात लावतात.

खाचर बघायला येणाऱ्याने चपला बांधाबाहेर काढायच्या. मला त्यांनी एकदा पऱ्यावर नेऊन ओल्या मातीची टोपली डोक्यावर ठेवली. "चला बाई, वरपर्यंत." अर्ध्या चढणीवर मी टोपली टाकून मटकन बसले. तात्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, "म्हातारीच्या कडेवर शिवाय पोर असायचं."

खोटं मात्र खपवून घेत नाहीत. त्यांचा चुलतभाऊ दिगू एकदा रंगात येऊन सांगायला लागला, की म्हातारीने कोयतीने वाघ हाकलला होता. तात्या कडाडले, "काय नाय हाकललान! वाघ सगळ्यांच्याच पणजीनं हाकललेला असतो. आमचीनं माती वाहिलान, तेवढं बास."

याच दिगूने भावकीच्या सभागृहात वंशावळ रंगवून घेतली. भिंतभर आंब्याचं झाड, पानापानावर पुरुषांची नावं. नारळ फुटला, टाळ्या झाल्या आणि तात्या उभे राहिले.

"एवढे बाप्ये काय झाडालाच लागले? ह्यांना आया नव्हत्या?"

"मग सांग ना तुझ्या म्हातारीचं नाव," दिगू चिडला. "आत्ता लिहितो. बोल, काय लिहू?"

तात्यांना सांगता येईना. शेताला म्हातारीचं खाचर म्हणायचे, घराच्या भिंतीतल्या देवळीला म्हातारीची देवळी म्हणायचे. पण म्हातारीला काय म्हणायचे, ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. तेव्हापासून तात्यांचा तो प्रश्न सुरू झाला, आणि शोधही.

धागा एवढाच होता, की तिचं माहेर चिपळूणच्या पलीकडे, कुठल्याशा देवळामागे. तात्या वाड्या पालथ्या घालू लागले. एका घरात ते मुलीला स्थळ घेऊन आलेत असं समजून त्यांना पोहे दिले. दुसऱ्या घरात वायरमन समजून थेट फ्यूज दाखवला. तात्यांनी पोहे खाल्ले, फ्यूज बसवून दिला आणि दोन्हीकडे विचारलं, "तुमच्यातली मुलगी पालीकडे दिली होती काय? खूप वर्षं झाली."

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मला म्हणाले, "बाई, तुमची गाडी नुसती उभी असते." मी समजले. तात्या इस्त्रीचा सदरा घालून आले. बरोबर खाचरातल्या नव्या तांदळाची पिशवी. ती डिकीत ठेवू देईनात. सगळी वाट मांडीवर धरून बसले.

दोन देवळं फुकट गेली. तिसऱ्या देवळामागे एका घराच्या अंगणात एक थकलेली बाई झाडू बांधायला माडाच्या झावळ्यांचे हीर काढत बसली होती. तात्यांनी आपला प्रश्न विचारला. तिने वरसुद्धा पाहिलं नाही.

"कोण? आमची भागी?"

जणू कुणी सकाळी बाजारात गेलेल्या मुलीची चौकशी केली होती.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तिचा नवरा..."

"ममयला गेला तो गेलाच," बाईने वाक्य पुरं केलं. "बाप न्यायला गेला व्हता तिला. चिखलात उभी राहून सांगितलान, भात कापून झालं की येते. बाप परत आला, सगळ्यांना म्हणाला, भागी येणार हाय, तिचा वाटा ठेवा. नवं भात झालं की आम्ही पहिला वाटा अजून तिचाच काढतो. सासूनं मला सांगितलान, मी सुनेला सांगितलं. सून हसते, पण काढते."

तात्या सदऱ्याची पर्वा न करता मातीतच बसले. पिशवीची गाठ त्यांना सुटेना, मी सोडली. बाईने ओंजळभर तांदूळ घेऊन नाकाशी नेले.

"तिच्या शेतातलं?"

"तिनं केलेल्या शेतातलं," तात्या म्हणाले. "मी भागीचा." ते नाव त्यांनी पुन्हा एकदा, नुसतंच, हळू उच्चारलं.

"मग भाचाच की आमचा! मी तुझी मामी. ऊठ, पाय धू."

जेवणं झाली. तात्यांच्या पानात कुणी काय वाढत होतं त्याला सुमार नव्हता. उन्हं कलली, तशी मी निघूया म्हणाले. मामी तात्यांना म्हणाली, "आज ऱ्हा."

"नको मामी. घरी..."

"घरी कोण वाट बघतंय?"

तात्यांची बायको, आमच्या काकू, जाऊन तीन पावसाळे झाले. मुलगा विरारला, त्याचा फोन येतो, तोही घाईतला. म्हातारीच्या गप्पा मी इतक्या ऐकल्या होत्या, पण स्वतःच्या रिकाम्या घराबद्दल तात्या माझ्याशी कधी अवाक्षर बोलले नव्हते.

मला सोडायला ते गाडीपर्यंत आले. दार लावून घेतलं, काचेवर हात ठेवला.

"वाडीत कोणी विचारलं तर सांगा बाई," ते म्हणाले. "तात्या आजोळी राहिलाय म्हणावं."

आतून हाक आली, "धोंड्या, च्या थंड होतोय रे!"

"आलो, मामी!" म्हणून सत्तरीचे तात्या माझा निरोप घ्यायचंही विसरून आत पळाले.