दिवसातून दोनदा मार्माइट

डॉक्टर पुरुषोत्तम सबनीसांनी मधमाश्या पाळायचं ठरवलं ते मधासाठी नव्हे. मध त्यांना आवडतही नसे. त्यांना हवी होती माणसं. साउथहॅम्प्टनला येऊन अकरा वर्षं झाली होती. हॉस्पिटलात ते रोज पाच-सहा इंग्रज माणसांना भूल देत, पण जागेपणी एकही इंग्रज माणूस त्यांच्या घरी चहाला आला नव्हता. लायब्ररीच्या फळ्यावर मधमाश्या पाळणाऱ्यांच्या मंडळाची चिठ्ठी दिसली: नवशिक्यांचं स्वागत आहे. डॉक्टरांनी तिथल्या तिथे पेन काढलं. (‘स्वागत’ हा शब्द इथे लोक पायपुसण्यावरही छापतात, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.)

सोबत म्हणून त्यांनी वरदाला घेतलं. वरदा त्यांची मुलगी, चौदा वर्षांची, आणि इतकी कमी बोलणारी की शाळेच्या रिपोर्टात तीन शिक्षिकांनी तिच्याबद्दल एकच वाक्य लिहिलं होतं आणि चौथीनं नावच चुकवलं होतं. शाळेच्या कुठल्याशा अवॉर्डसाठी तिला एक कला शिकायची होती. ती म्हणाली बासरी, बाबा म्हणाले मधमाश्या, आणि विषय संपला.

मंडळ दर गुरुवारी संध्याकाळी स्काउटांच्या हॉलमध्ये भरे. अठरा माणसं, बहुतेक निवृत्त, चहाची एक मोठी किटली आणि बिस्किटांचा डबा. अध्यक्ष कीथ, पूर्वाश्रमीचा पोस्टमन. त्याच्याकडूनच डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये माश्यांची एक पेटी आणली आणि बागेच्या टोकाला ठेवली. मंडळाची पद्धत अशी होती की नव्या सभासदाची पेटी पहिल्या हिवाळ्यातून जगली, तर एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सगळं मंडळ त्याच्या घरी पेटी उघडायला येई. आणि चहाला. डॉक्टरांनी त्या शनिवारभोवती कॅलेंडरवर गोल काढला. हिवाळाभर ते सकाळी ड्यूटीवर जाण्यापूर्वी पेटीला कान लावत, आत गुणगुण आहे याची खात्री करून घेत. वरदाला वाटे, पेशंटची नाडीसुद्धा ते इतक्या काळजीनं बघत नसतील.

मार्चमध्ये एका गुरुवारी विषय निघाला तो माश्यांच्या खुराकाचा. फुलं यायच्या आधी परागाच्या जागी काय द्यावं? कीथ म्हणाला, यीस्टची पावडर चालते, त्यात प्रोटीन असतं. मागून कुणीतरी विचारलं, मग मार्माइट का नको? मार्माइट म्हणजे टोस्टला लावायची ती काळी, खारट, चिकट यीस्टची पेस्ट. इंग्रज माणूस एकतर ती जन्मभर खातो, नाहीतर नुसतं नाव काढलं तरी तोंड वाकडं करतो.

“मार्माइट उत्तम,” कीथ म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. “बाटलीभर पाकात एक चमचा. टोस्टवर दिलंत तर कडा कापून द्या. राणीमाशी कडा खात नाही.”

मॉरीन नावाच्या बाई तितक्याच गंभीरपणे म्हणाल्या, की त्यांनी एकदा ऑस्ट्रेलियातलं तसलंच काहीतरी दिलं होतं, तर माश्या आठवडाभर उलट्या उडत होत्या.

कुणी हसलं नाही. पण कोपऱ्यातल्या एका आजोबांच्या हातातली कपबशी थरथरत होती, ते वरदानं पाहिलं. मग तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा डायरीत लिहीत होते. वरिष्ठ सांगतील ते लिहून घ्यायचं, ही त्यांची हॉस्पिटलातल्या उमेदवारीपासूनची सवय. लिहून झाल्यावर त्यांनी हात वर केला.

“रोज किती वेळा द्यायचं?”

कीथनं क्षणभर छताकडे पाहिलं. “दिवसातून दोनदा, डॉक्टर. जेवणानंतर.”

मग मात्र हॉल फुटला. मॉरीनबाईंनी डोळे पुसले, कुणीतरी डॉक्टरांच्या पाठीवर थाप मारली. डॉक्टरही हसले. आपला प्रश्न आवडला, असं त्यांना वाटलं. आणि वरदाही हसली. सगळ्यांच्या बरोबर, सगळ्यांच्या बाजूनं. त्या हसण्याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं, कारण ते खूप सोपं होतं.

गाडीत बाबा शीळ घालत होते. वरदा म्हणाली, “बाबा, ते मार्माइटचं...”

“हो, आईला सांगू या. मोठी बाटली आणायची.” सिग्नलला थांबून ते म्हणाले, “पाहिलंस ना आज? अकरा वर्षांत माझ्या पाठीवर कुणी थाप मारली नव्हती गं.”

वरदानं खिडकीबाहेर पाहिलं. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. (हे ‘उद्या’ घरातल्या सगळ्या बाटल्यांपेक्षा मोठं निघालं.)

तिची आई, अरुणा, विरोध करील अशी वरदाला आशा होती. पण अरुणाला त्या माश्यांची सप्टेंबरपासून दया येत होती. “नुसतं गोड खाऊन कुणाचंही तोंड मिट्ट होईल. आपल्याकडे पानात आधी मीठ वाढतात ते उगीच नाही,” म्हणत तिनं एकतारी पाक केला आणि त्यात एकाऐवजी दोन चमचे घोटले. लिंबू पिळायलाही निघाली होती, पण डॉक्टरांनी प्रोटोकॉल मोडू दिला नाही. सकाळी ड्यूटीआधी एकदा आणि संध्याकाळी परतल्यावर एकदा, ते स्वतः पेटीवरचा पाकाचा फीडर भरत. माश्यांचं जेवण कधी होतं हे कळायला मार्ग नसल्यामुळे त्यांनी आपलंच जेवण धरलं होतं.

पाचव्या दिवशी माश्यांना हगवण लागली. हे सभ्य शब्दांत सांगता येत नाही. पेटीच्या तोंडावर तपकिरी ओघळ, अरुणाच्या वाळत घातलेल्या चादरींवर तपकिरी ठिपके आणि शेजारच्या मिसेस बार्करांच्या पांढऱ्या गाडीवर तर पायघडी घातल्यासारखी नक्षी. पेटीखाली मेलेल्या माश्यांचा मूठभर ढीग साचला. दुसऱ्या दिवशी तो ओंजळभर झाला. डॉक्टरांनी गुडघ्यावर बसून तो पाहिला, बराच वेळ विचार केला आणि निदान केलं: डोस कमी पडतोय.

गुरुवारी बाबांना दुपारपासून रात्रभर ड्यूटी होती, मंडळही चुकणार होतं. वरदानं शाळेतून आल्या आल्या फीडर काढला, काळा पाक गुलाबाच्या वाफ्यात ओतला आणि साधा साखरेचा पाक भरून ठेवला. एक माशी तिच्या मनगटाला चावली आणि तिथेच मेली. मिसेस बार्कर वरच्या खिडकीतून बघत होत्या. वरदाला वाटलं, त्या गाडीकडेच बघताहेत. बाबांना मात्र ती काहीच बोलली नाही. शुक्रवारी सकाळी परतल्यावर बाबांनी फीडर धुतला आणि नव्या डोसानं भरला.

शनिवारी अठरा माणसं आली. अरुणानं पाच डझन बटाटेवडे तळले होते, नवे कप काढले होते. डॉक्टरांनी टाय लावला होता, आणि त्याच्यावरून माश्यांची जाळी. त्यांना अजूनही आशा होती. कीथनं झाकण उचललं. आत वास होता, आणि आवाज नव्हता. राणीभोवती वीस-पंचवीस माश्या गोळा होऊन बसल्या होत्या, त्याही जेमतेम हलणाऱ्या. कीथनं फीडरमध्ये बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि त्याचा चेहरा पडला.

“डॉक्टर,” तो हळूच म्हणाला, “हे तुम्ही खरंच...? अहो, ती गंमत होती. गेली तीस वर्षं आम्ही प्रत्येक नवशिक्याला ती सांगतो.”

वरदा बाबांकडे बघत होती. जाळीच्या मागे त्यांचे कान लाल होत गेले. तो गुरुवार, ती थाप, ते हसू, सगळं त्यांना एका दमात कळत होतं. ते रडतील अशी तिला भीती वाटली.

ते रडले नाहीत. त्यांनी जाळी वर केली आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, “मला माहीत होतं. घातलं ते माझ्या मुलीनं. मुलांना गंमत कळत नाही.”

कुंपणापलीकडून मिसेस बार्कर म्हणाल्या, की हो, गुरुवारी पोरगी तिथे काहीतरी खुडबुड करत होती खरी.

अठरा चेहरे वरदाकडे वळले. आता तिला दोनच गोष्टी सांगण्यासारख्या होत्या: हे मी केलं नाही, आणि ती गंमत होती हे मला तेव्हाच कळलं होतं. दोन्ही खऱ्या होत्या. पण पहिली सांगितली की गुरुवारी तिथे काय करत होतीस, असं कुणीतरी विचारणार, आणि मग दुसरीही सांगावी लागणार. वरदानं मान खाली घातली आणि ती कबुलीसारखी दिसली.

सुटल्यासारखी सगळी माणसं हसली. कीथला तर फारच हायसं वाटलं. त्यानं वरदाचा खांदा थोपटला आणि मे महिन्यात डॉक्टरांना एक नवं मोहोळ फुकट द्यायचं कबूल केलं. वडे संपले. माणसं साडेपाचपर्यंत बसली. मॉरीनबाईंनी अरुणाकडून वड्यांची कृती लिहून घेतली, आणि वरदाला निघताना म्हणाल्या की बाळा, मनाला लावून घेऊ नकोस.

त्या उन्हाळ्यात डॉक्टर मंडळाचे चहाप्रमुख झाले. कुणी नवशिका आला की कीथ त्यांना बोलावून घेई आणि डॉक्टर मार्माइटची गोष्ट सांगत, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता. कुठे थांबायचं ते त्यांना आता अचूक कळे. लोक डोळे पुसत. वरदा बिस्किटांचा डबा फिरवत असे. नवशिका तिच्याकडे बघून म्हणे, म्हणजे ती तूच का?

सप्टेंबरमध्ये एकदा घरी जाताना गाडीत तिनं शेवटी धीर केला.

“बाबा, ते मी केलं नव्हतं. तुम्हाला माहितीये.”

“माहितीये गं,” बाबा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. “पण तू केलंस म्हटलं की जास्त हसतात.” मग थोडा विचार करून ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “आणि पुढच्या वेळेपासून मी तुला सात वर्षांची करणार आहे. चौदा म्हटलं की लोकांना तुझी काळजी वाटते.”