ओव्हरसियरकाका आणि चुलीमागच्या फरशा

आमच्या शेजारच्या ओव्हरसियरकाकांनी आयुष्यात जुनी वस्तू कधी काढली नाही. तिच्यावर नवी चढवली. वहाणेचा तळ झिजला की त्याखाली दुसरा तळ, स्वेटर विरला की त्यावर दुसरा स्वेटर. भिंतीवरच्या एकाच खिळ्याला अकरा वर्षांची कॅलेंडरं! त्या गठ्ठ्यामुळे कपाटाचं दार अर्धंच उघडायचं आणि काकू आत हात घालून चाचपत साखरेचा डबा काढायच्या. कुणी बोललं की काका बोट वर करून म्हणायचे, "मूळ कामाला धक्का लावायचा नाही!" सरकारी बांधकामात तीस वर्षं काढून पेन्शनीबरोबर एवढंच वाक्य त्यांनी घरी आणलं होतं.

त्यांच्या चुलीमागे चिनी मातीच्या पांढऱ्या फरशा होत्या. कॅम्पातल्या कुठल्याशा साहेबाचा बंगला पाडला तेव्हा आणलेल्या. "साहेबाच्या न्हाणीघरातल्या फरशा माझ्या चुलीमागे!" म्हणून काकूंनी पहिले सहा महिने सोवळ्याचा स्वयंपाक शेगडीवर केला म्हणे. आता वीस वर्षांच्या धुरानं आणि फोडणीनं त्या तव्यासारख्या काळ्या झाल्या होत्या. भाचीच्या लग्नासाठी जामखेडला माहेरी निघताना काकू टांग्यात बसून निक्षून म्हणाल्या, "त्या भिंतीचं काही केल्याशिवाय मी परत पाऊल टाकायची नाही."

काका हादरलेच. मला म्हणाले, "सुमन, ती खरंच यायची नाही का गं?"

"मी असते तर आले नसते," मी म्हटलं. मला गोड बोलता येत नाही.

फरशा उपटायच्या नाहीत हे ठरलेलंच. काकांनी आधी चुना फासला. रज्जाक गवंडी दारातून सांगत होता, "काका, फरशी लई गुळगुळीत हाय, चुना धरायचा न्हाई." काकांनी उलट त्यालाच ओळंबा कसा धरावा ते शिकवलं. चूल पेटली तसे चुन्याचे पापुद्रे सुटले आणि थेट पिठल्यात! तेच पिठलं काका निवडून निवडून जेवले.

मग तेलाचा रंग. लढाईचे दिवस, बाजारात रंग कुठला मिळायला? कॅम्पातल्या लिलावात एक डबा मिळाला. लष्करी हिरवा! तो त्यांनी त्या तेलकटावरच लावला आणि लवकर वाळावा म्हणून चुलीत जाळ घातला. रंग ओघळत चुलीवर आला. वास असा सुटला की आमचे हे भरल्या ताटावरून उठून मारुतीच्या देवळात जाऊन बसले.

मी पदर खोचून गेले. "काका, मळावर रंग बसतो का कधी? आधी राखेनं अन् सोड्यानं घासा. काचकागद मारून चकाकी घालवा, मग रंग. आणि आठ दिवस चूल बंद. जेवायला आमच्याकडे या."

"पण फरशी शाबूत राहील ना?"

"राहील हो!"

झालं, काका काकूंच्या पाटावर बसून घासायला लागले. चौथ्या दिवशी जेवायला आले. मीठ कमी पडलेली आमटी तशीच ओरपली. मग म्हणाले, "उजवीकडच्या दोन फरशांवरचा मळ हाताचा आहे गं, धुराचा नाही. पाटावरून उठताना माझाही हात नेमका तिथंच गेला. तिला नुसतं उठता येत नाही का?"

"तीन वर्षं झाली, काका. गुडघे."

"मला बोलली नाही."

"बोलल्या होत्या. माझ्यासमोर दोनदा."

त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मी एवढं तोडून बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडून छिन्नीचा आवाज आला. धावत गेले, तर काका स्वतःच्या हातानं त्या दोन फरशा फोडत होते! भोकात सिमेंट भरून त्यांनी तिथं दरवाजाची जाड लोखंडी मूठ बसवली. उरलेल्या भिंतीला तोच लष्करी हिरवा रंग दिला. रंग वाळेपर्यंत रोज येऊन मूठ ओढून बघायचे.

काकू आल्या. भिंत बघून म्हणाल्या, "अगं बाई! पलटण जेवायला येणार आहे की काय?" मग त्यांना मूठ दिसली, फोडलेल्या फरशा दिसल्या. त्या पाटावर बसल्या आणि मूठ धरून उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. उठून आणायचं काहीच नव्हतं. मला रडू आवरेना.

काका दाराशी उभे होते. म्हणाले, "दोन बोटं खाली हवी असेल तर सांग. आणखी एक फोडतो."