वज्रदंत महाराजांची दाढ

एका जंगलात, अगदी लांबच्या बरं का, तुमच्या ओळखीच्या नव्हे, वज्रदंत नावाचा वाघ राज्य करत होता. हसू नका. नाव बारशाला ठेवतात, दात नंतर येतात.

त्या जंगलात एक छान पद्धत होती. महाराजांचं तोंड गोड केल्याशिवाय कुठलंही काम सुरू होत नसे. कोणाला पिल्लू झालं, आणा मधाचं पोळं. पाणवठ्याचा तंटा मिटला, आणा पोळं. तंटा मिटला नाही, नुसतीच पुढची तारीख मिळाली, तरी पोळं. ही पोळी पुरवण्याचं काम मधुकरपंत नावाच्या अस्वलाकडे होतं. प्रधानही तेच होते. दोन्ही कामं एकाकडे असली की सोयीचं पडतं.

दुसरी पद्धत जरा अवघड होती. दर दसऱ्याला महाराजांनी भरसभेत सांबराच्या मांडीचं हाड एका चाव्यात फोडून दाखवायचं. फुटलं तर राज्य आणखी एक वर्ष. नाही फुटलं तर नदीपलीकडचा तरणा वाघ गादीवर.

उन्हाळ्यात एकदा सभा चालू असताना महाराजांनी मोठी जांभई दिली. समोरच्या सागावर टोकाजी सुतारपक्षी बसला होता. झाडांची कुजलेली खोडं कोरून साफ करण्यात त्याची हयात गेली होती आणि जंगलातल्यांचे दातही तोच बघायचा.

"महाराज, उजवीकडच्या खालच्या दाढेवर काळा ठिपका दिसतोय," तो म्हणाला.

"दुखत तर नाही!"

"म्हणूनच आत्ता बघायला हवं. गोड खाल्लं की ते दाताला चिकटून राहतं. त्यावर डोळ्यांना न दिसणारे जंतू पोसतात, त्यांच्यामुळे आम्ल तयार होतं आणि दात झिजत जातो. अजून वरचं कवचच गेलंय. अर्धा तास द्या, कोरून साफ करतो आणि भरून टाकतो. मग सकाळी आणि झोपताना बाभळीच्या काडीनं दात घासायचे. आणि हे दिवसभर मध चाटणं तेवढं बंद करा."



"तोंड गोड करणं बंद?" मधुकरपंत उभेच राहिले. "अहो, वाडवडिलांपासून चालत आलंय ते! आणि तुम्ही दातांचं शिकवताय आम्हाला? तुमच्या स्वतःच्या तोंडात दात किती?"

"एकही नाही," टोकाजी म्हणाला.

सभा पोट धरून हसली. महाराजही हसले. हसताना तो ठिपका सगळ्यांना दिसला, पण कोणीही पाहिला नाही.

तरी प्रधानांना काळजी नव्हती असं म्हणू नका. त्यांनी लगोलग दंतरक्षण सप्ताह जाहीर केला. फेरी निघाली. हत्तींना पुढे ठेवलं, कारण त्यांचे दात लांबूनही दिसतात. घोषणा देऊन माकडांचे घसे बसले. समारोपाला प्रत्येकाला दोन दोन पेढे वाटले आणि महाराजांपुढे परात ठेवली.

पावसाळ्यात दाढ ठणकायला लागली. महाराज डावीकडून चावू लागले. प्रधानांनी लवंगेचं तेल लावलं, तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

"कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचली आहे," टोकाजीनं सांगितलं. "अजूनही दाढ वाचेल. आत साफ करू द्या."

"दसरा झाला की बघू," महाराज म्हणाले. एकट्यानं गवा लोळवणारा हा गडी टोकाजीच्या चोचीला घाबरत होता. कोणाला सांगू नका.

आणि एक दिवस ठणका थांबला. अगदी आपोआप!

"बघा, झालं की नाही बरं!" मधुकरपंत म्हणाले आणि बासुंदीचं पातेलं मागवलं.

"महाराज, नस मेली म्हणून ठणका थांबला," टोकाजी काकुळतीला आला. "आता पू धरेल."

आनंदाच्या प्रसंगी पूचं नाव काढतात का? त्याला सभेतून उठवलं. आठ दिवसांत महाराजांचा उजवा गाल टम्म फुगला आणि महाराजांची तब्येत सुधारली म्हणून दरबारानं त्यांचं अभिनंदन केलं.

दसरा आला. नदीपलीकडचा वाघ पहिल्या रांगेत येऊन बसला. डावीकडून चावलं तर त्याला संशय येणार, म्हणून महाराजांनी हाड उजवीकडे धरलं, डोळे मिटले आणि चावले.

कट्!

"फुटलं!" मधुकरपंत ओरडले आणि त्यांनी हाड झटकन पळसाच्या पानांनी झाकलं. ढोल वाजले. नदीपलीकडचा वाघ मान खाली घालून निघून गेला.

हाड धडधाकट होतं. फुटली होती ती दाढ. महाराजांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्याला आनंदाश्रू म्हणायचं ठरलं. मला मात्र त्या वाघाची दया येते, मुलांनो. राज्य वाचलं, पण त्याला धड तोंड उघडता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताप चढला, तेव्हा टोकाजीला बोलावणं गेलं. बिचारा आला. त्यानं पूचा निचरा केला, मोडकी दाढ काढली, शेजारचे दोन दातही काढावे लागले. मग कापसाचा मोठा बोळा दाबून तो म्हणाला, "तासभर बोलायचं नाही. बाकीच्या दातांनाही ठिपके आहेत, पण ते वाचतील. मी रोज येत जाईन."

रोज येणार हे ऐकून मधुकरपंतांनी तिथल्या तिथे चौकशी बसवली.

"या पक्ष्यानं बघण्याआधी महाराजांच्या दाढेला भोक असल्याचं कोणी म्हणालं होतं का?"

"नाही," सभा म्हणाली.

"आणि या जंगलात भोकं पाडण्याचा धंदा कोणाचा?"

सगळ्यांनी सागाकडे पाहिलं. त्याच्या बुंध्यावर चांगली वीसेक भोकं होती. आणखी पुरावा तो काय हवा?

महाराज धडपडत उठले. त्यांना आता सगळं कळलं होतं. हा एकटाच खरं बोलला, याला जाऊ देऊ नका, माझे उरलेले दात याच्याच हाती आहेत, असं त्यांना सांगायचं होतं. पण तोंडात बोळा होता. टोकाजीकडे पंजा करून ते नुसते "हूं... ऊं..." करत राहिले.

"महाराज म्हणतात, याला आजच्या आज हद्दपार करा," प्रधानांनी सभेला सांगितलं.

महाराजांनी जिवाच्या आकांतानं नाही-नाही अशी मान हलवली.

"बायकापोरांसकट," प्रधान म्हणाले.

तात्पर्य: दातातलं भोक बुजवायला वैद्य लागतो, वेळ लागतो आणि तोंड उघडावं लागतं. भोक दाखवणाऱ्याला हाकलायला यातलं काहीच लागत नाही. शिवाय दात पुष्कळ असतात, वैद्य एखादाच असतो. तेव्हा शहाण्या मुलांनी आधी त्यालाच काढावं, मुळापासून.