काम न करणाऱ्या पोर्टची चौकशी

कार्यालयातले संगणक एका जाळ्यात जोडणारे तीन स्विच होते. तिघेही एकमेकांना थेट तारेनं जोडलेले होते, तरी कधी भांडत नसत. एवढ्यावरूनच ती यंत्रं आहेत हे ओळखू येई. त्यांची देखभाल करणाऱ्या बाईंना सगळे तारबाई म्हणत. तारबाईंची कंत्राटी नोकरी आज पाच वाजता संपत होती. कायम करण्याचा आदेश संगणकात तयार होता. तो छापून त्यावर साहेबांची सही तेवढी व्हायची होती.

तिघांत थोरला कोण, हे स्विचांनी आपसांत ठरवलं होतं. ज्याचा क्रमांक सर्वांत लहान, तो मूळ स्विच. हा मान अभिलेख कक्षातल्या सर्वांत जुन्या, सर्वांत मंद आणि सतत खरखरणाऱ्या स्विचला मिळाला होता. हा नियम कार्यालयात कोणालाही समजावून सांगावा लागला नाही.

बाकीच्या दोघांनी मुळाकडे जाणारी आपापली जवळची वाट धरली होती. त्या दोघांमधल्या तिसऱ्या वाटेवर मात्र, साहेबांच्या दालनाबाहेरच्या नव्या कोऱ्या स्विचनं आपला एक पोर्ट, म्हणजे तार खोचायची खोबण, बंद ठेवला होता. दुपारी फेरी मारताना साहेबांना त्याचा पिवळा दिवा दिसला.

"हा काय करतो?"

"ऐकतो, साहेब. बोलत नाही."

"म्हणजे बसून खातो."

तारबाईंनी हळू आवाजात सांगितलं की तिन्ही वाटा उघड्या राहिल्या तर एकच बोलणं गोल गोल फिरत राहतं. एखादी वाट तुटली की हाच पोर्ट उघडून काम सांभाळतो. साहेबांनी सर्वांचं ऐकतात तसंच हेही प्रेमानं ऐकलं, आणि पाव तासात लेखी आदेश आला: कार्यालयात एकही पोर्ट निष्क्रिय आढळता कामा नये. सही बाकी असलेल्या माणसानं वाद घालायचा नसतो. तारबाईंनी स्विचांची आपसांतली समजूत रद्द केली. सगळे दिवे हिरवे झाले.

तीन वाजून दहा मिनिटांनी आवक-जावकच्या संगणकानं सर्वांना उद्देशून विचारलं, प्रिंटर कुठे आहे? प्रश्न तिन्ही खोल्या फिरून परत आला, स्वतःलाच भेटला आणि पुन्हा निघाला. मिनिटाभरात तोच प्रश्न लाखो वेळा फिरत होता. उत्तर द्यायला कोणी मोकळं नव्हतं, कारण प्रत्येक जण तो पुढे पाठवण्यात गढलेला होता. कामाचा हा वेग पाहून साहेब खूश झाले. बिघाड झालाय हे चार वाजेपर्यंत कोणाच्या ध्यानातच आलं नाही. काम तर रोजच्यासारखंच चाललं होतं.

चार वाजता तारबाई आवक-जावकच्या काकांकडे धावल्या. काकांनी शांतपणे सांगितलं की आदेश मागे घ्यायला नवा आदेश लागेल, नव्या आदेशाला जावक क्रमांक लागेल, आणि जावक क्रमांक संगणक देतो.

"आणि संगणक?"

"तो प्रिंटर शोधतोय, बाई. त्याला आत्ता डिवचू नका."

तार उपटावी, तर पोर्ट निष्क्रिय केल्याचा ठपका, तोही नोकरीच्या शेवटच्या तासात. पाचाला वीस कमी असताना तारबाईंना एक गोष्ट सुचली. पदनामातल्या दुरुस्तीला जावक क्रमांक लागत नाही. त्या दालनात गेल्या.

"साहेब, त्या पोर्टला 'बंद' म्हणणं चुकलंच. तो निरीक्षक आहे."

"निरीक्षक? मग त्याला कामाला कोणी जुंपलं?" साहेब दुखावल्या आवाजात म्हणाले, आणि कोऱ्या कागदावर सही ठोकली.

समजूत परत आली, प्रश्न थांबला, प्रिंटर सापडला. पाचाला दोन मिनिटं कमी असताना तारबाईंना कायम करण्याचा आदेश छापून निघाला. घाईत काकांनी त्यातही पदनामाची दुरुस्ती करून टाकली होती: तारबाई कायम, पद निरीक्षक; कर्तव्य, ऐकणे. तारबाईंनी तो दोनदा वाचला, काही बोलायला तोंड उघडलं, आणि साहेबांची सही घेतली.

महिन्याभरात ज्येष्ठतेनुसार सर्वांनीच निरीक्षकपद मागून घेतलं. आता कार्यालयाच्या नऊही खिडक्यांवर पाटी आहे: आपले म्हणणे ऐकले जात आहे. तारबाई चार नंबरला बसतात. मागच्या आठवड्यात तुम्ही तिथे आला होतात. पाऊण तास उभं राहून तुम्ही अर्ज समजावून सांगितलात, त्यांनी मान हलवली, आणि निघताना तुम्ही हात जोडून म्हणालात, "निदान कोणी ऐकून तरी घेतलं."